कादंबरीचा पहिला खर्डा हातावेगळा करायचा तर

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात दोन बाडं आहेत. एक ६८ पानांचं, दुसरं ११२ पानांचं. दोन्ही कादंबऱ्या मोठ्या उमेदीने सुरू केल्या होत्या आणि दोन्हींची पहिली वीस-पंचवीस पानं मला आजही आवडतात. पुढे त्या माणसांचं काय झालं ते मलाही माहीत नाही.

तिसरी कादंबरी मात्र पुरी झाली. चौदा महिने, फुलस्केपची ३४० पानं. तालुक्याच्या एसटी स्टँडवर कँटीन चालवणाऱ्या शेवंताबाईची ती गोष्ट आहे. ती सुरू केली तेव्हा माझी उमेद आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा कमी होती. मी एका पतसंस्थेत काम करते. त्या वर्षी तिथे काम वाढलं होतं आणि घरात आजारपण होतं. तरी ती पुरी झाली. का झाली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, कारण नव्याने कादंबरी लिहिणारे बरेच जण मला हाच प्रश्न विचारतात: "सुरुवात होते हो, पण पुढे जोर टिकत नाही. काय करायचं?"

मला सापडलेलं उत्तर असं. आपण जे लिखाण वेळेवर पुरं करतो, ते बहुतेक वेळा कुणीतरी त्याची वाट पाहत असतं म्हणून पुरं होतं. पावसाळा लागला की दिवाळी अंकांचे संपादक कथा मागायला लागतात. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या एका मुदतीने मराठीत किती कथा लिहून घेतल्या असतील! एकांकिकेला स्पर्धेची तारीख असते, सदराला वार असतो. नव्या लेखकाच्या पहिल्या कादंबरीची मात्र कुणीच वाट पाहत नसतं. ती लिहिली नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. म्हणून वाट पाहणारी माणसं, वेळा आणि जागा आपणच उभ्या कराव्या लागतात. खालच्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

१. आधी आकार बघून घ्या

काम केवढं आहे हे कळलं नाही की ते डोंगराएवढं वाटतं. म्हणून थोडा हिशोब करू. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या, आकारातलं दोनशे पानांचं छापील पुस्तक म्हणजे साधारण पंचावन्न ते साठ हजार शब्द. हाताने लिहिलेल्या फुलस्केपच्या एका पानावर, मध्यम अक्षर असेल तर, दोनशेच्या आसपास शब्द बसतात. म्हणजे पावणेतीनशे ते तीनशे पानं. रोज एक पान लिहिलं तर दहा महिने.

दहा महिने ऐकून काही जण खट्टू होतात. मला उलट धीर आला होता. पहिल्या दोन कादंबऱ्या मी 'लवकरच' संपवणार होते, आणि त्या 'लवकरच'ला काही अंतच नव्हता.

हिशोब झाला की एका पानावर गोष्ट लिहून काढा. प्रकरणवार आराखडा नको. कुणाची गोष्ट, त्या माणसाला काय हवं आहे, ते मिळण्याच्या आड काय येतं, आणि शेवटी तो कुठे उभा असेल, एवढंच. माझ्या पानावर होतं: "शेवंताबाईला कँटीन मुलाच्या हाती सोपवायचं आहे. मुलाला गल्ल्यावर बसायचं नाही. स्टँड गावाबाहेर बायपासला जाणार आहे. शेवटी ती नव्या स्टँडवर जाते, पण मुलाशिवाय." यातलं शेवटचं वाक्य लिहिता लिहिता बदललं. बदललं तरी हरकत नाही. कुठल्या दिशेला जायचं हे माहीत असलेला माणूस रस्ता बदलू शकतो.

२. ध्येय ठेवू नका, नेम धरा

माझी आजी चातुर्मासात नेम धरायची. कधी रोज पोथीचा एक अध्याय, कधी एक लाख वाती. आषाढी एकादशीला सुरू आणि कार्तिकीला समाप्ती. तिला कधी "आज वाचावंसं वाटत नाही" म्हणताना मी ऐकलं नाही. वाटण्याचा प्रश्नच नव्हता. दुपारी जेवणं उरकली की पोथी उघडायची. प्रवासात असली तर एसटीत बसून ओठांतल्या ओठांत वाचायची. ताप असला तर पाच ओव्या वाचायची, पण पोथी उघडायची.

लिखाणाला हेच लागतं. ध्येय दूर कुठेतरी असतं. नेम आजचा असतो आणि तो आजच पाळला जातो किंवा मोडतो.

नेमाचं माप कसं ठरवायचं? तुमच्या सगळ्यात वाईट दिवशीही जमेल एवढं. ही गोष्ट नवशिक्यांना पटवणं मला सगळ्यात अवघड जातं. चांगल्या दिवशी आपण सहा पानं लिहितो आणि तेच माप धरून बसतो. मग पाहुणे येतात, मुलाची परीक्षा येते, मार्चअखेर येते. तीन दिवस सहा पानं होत नाहीत, चौथ्या दिवशी वही उघडायची लाज वाटते. ६८ पानांचं बाड असंच थांबलं.

अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेला एक उपक्रम पुढे जगभर पसरला: नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्द. म्हणजे रोज १,६६७. तो चालवणारी संस्था २०२५ साली बंद झाली, पण ते माप अजूनही लोकांच्या डोक्यात आहे. ज्यांना ते जमलं त्यांना एक धसमुसळा का होईना, पूर्ण खर्डा मिळाला, आणि त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण नोकरी करून, घर सांभाळून पहिल्यांदाच लिहिणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. शिवाय आपल्याकडे अनेकदा दिवाळी त्याच महिन्यात येते, आणि घरात चकलीचा घाणा चालू असताना १,६६७ शब्द कुणी लिहायचे?

दुसऱ्या टोकाला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप आहे. तो पोस्टखात्यात नोकरी करत असे. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचा. किती पानं झाली याची रोजच्या रोज नोंदही ठेवायचा. त्याचा वेग बाजूला ठेवा. नोंद मात्र उचला. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, रोजच्या चौकटीत पानांचा आकडा लिहीत होते. घरातले येता-जाता बघायचे. आठवडाभर चौकटी रिकाम्या दिसल्या की मुलगी विचारायची, "आई, बंद पडलं का?" त्या प्रश्नाने माझ्याकडून बरीच पानं लिहून घेतली आहेत.

तर माप: एक पान. ते जड वाटत असेल तर अर्धं. जास्त झालं तर आनंद, पण उद्याच्या खात्यात जमा नाही. उद्या पुन्हा एक पान.

३. वेळ दुसऱ्या एखाद्या कामाला बांधा

"रोज सकाळी लिहीन" हा बेत टिकत नाही, कारण सकाळ लांबलचक असते. "चहाचं आधण ठेवलं की वही उघडीन" हा टिकतो. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली यावर लिहिलं आहे: 'अमुक झालं की तमुक करीन' अशी गाठ मारलेला बेत नुसत्या संकल्पापेक्षा जास्त वेळा पार पडतो. आजीचं 'जेवणं उरकली की पोथी' हे तेच होतं.

लोकलने जाणाऱ्यांनी एखादं स्टेशन ठरवावं. कल्याण सुटलं की मोबाइल काढायचा, ठाण्यापर्यंत लिहायचं. घरात जागा नसेल तर गावातल्या वाचनालयाची अभ्यासिका बघा; स्पर्धा परीक्षेच्या मुलांमध्ये बसून लिहिताना एक प्रकारची शिस्त आपोआप येते.

साधनांबद्दल थोडंच सांगते. वही चालेल, मोबाइल चालेल, बोलून टाइप करणंही चालेल. मराठी आता पुष्कळ बरं उमटतं. संकटात टाकणारी गोष्ट एकच, जुन्या पद्धतीचे फॉन्ट. माझी चाळीस पानं अशा फॉन्टमध्ये होती आणि संगणक बदलल्यावर त्यांची नुसती चिन्हं झाली. जे टाइप कराल ते युनिकोडमध्ये करा आणि दर रविवारी स्वतःलाच ईमेलने पाठवा. वहीत लिहीत असाल तर दर रविवारी पानांचे फोटो काढा.

४. अर्ध्यावर थांबा

इथे मात्र आजीच्या उलट वागायचं. ती अध्याय पुरा करूनच उठायची. आपण प्रसंग पुरा करून उठायचं नाही.

अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेने हे सांगितलं आहे आणि माझ्या अनुभवाला ते पुरेपूर उतरलं: पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच त्या दिवसाचं काम थांबवावं. प्रसंग संपवून उठलात तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर कोरं डोकं घेऊन बसावं लागतं. शेवंताबाई आगारप्रमुखाच्या खोलीत शिरली, त्याने मान वर केली, आणि तिथे मी पेन खाली ठेवलं. दिवसभर, पासबुकं भरताना, भाजी निवडताना, ते दोघं माझ्या डोक्यात बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे मला फक्त ऐकून लिहायचं होतं.

समासात एक ओळ टाकून ठेवा: "उद्या: तो तिला खुर्ची देत नाही." एवढी ओळ पुरते.

५. खर्ड्यात दुरुस्ती करू नका

पहिलं प्रकरण सात वेळा घासूनपुसून लिहिलेले आणि दुसरं प्रकरण नसलेले कितीतरी लेखक मला माहीत आहेत. मीही त्यातलीच होते. मागे वळून दुरुस्त करण्यात खोटं समाधान असतं; काम केल्यासारखं वाटतं आणि गोष्ट तिथेच उभी राहते.

मराठीत लिहिणाऱ्याला यात आणखी दोन खड्डे लागतात. पहिला ऱ्हस्व-दीर्घाचा. शाळेत लाल शाईने भरलेल्या वह्या आपल्याला आठवतात आणि पहिली वेलांटी की दुसरी यावर हात थबकतो. खर्ड्यात वेलांटीचा विचार करू नका. ते काम पुढे तुम्ही शब्दकोश घेऊन कराल आणि मग मुद्रितशोधक करेल. दुसरा खड्डा बोलीचा. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, की सगळंच बोलीत? माझी शेवंताबाई पहिल्या पन्नास पानांत तीन तऱ्हांनी बोलते. मी तिला तशीच बोलू दिली. शंभराव्या पानाच्या आसपास तिचा आवाज आपोआप ठरला, आणि मग मागची पानं सरळ करायला तीन संध्याकाळी पुरल्या. आधीच ठरवत बसले असते तर शंभरावं पान आलंच नसतं.

माहिती गोळा करण्याचा मोह त्याहून फसवा, कारण तो फार प्रामाणिक दिसतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, इथपासून सुरुवात करून मी तीन आठवडे एसटीचा इतिहास वाचत बसले. कादंबरीत त्यातली एक ओळही आलेली नाही. तीन आठवड्यांत एकवीस पानं झाली असती. त्यानंतर मी चौकोनी कंस वापरायला लागले: [वाहकाची रात्रपाळी किती वाजता सुटते ते विचारायचं], आणि पुढचं वाक्य. खर्डा संपला तेव्हा असे ८३ कंस होते. एका रविवारी स्टँडवर जाऊन, चार वाहकांना चहा पाजून, त्यातले साठ सुटले. बाकीच्यांची गरजच राहिली नव्हती.

६. वाट पाहणारं माणूस शोधा

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानते.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी त्यातून क्रमशः छापली. आठवडा उलटला की वाचकाला पुढचा मजकूर हवाच. तिच्या नायिकेचं, यमूचं, पुढे काय झालं हे विचारणारी घरं होती. लेखकाला दुसरा दिवस उजाडायची वाट बघण्याची सोयच नव्हती. आणि तरीही त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. हे मी मुद्दाम सांगते. मराठी कादंबरीचा पाया घालणाऱ्या माणसाची कादंबरी अडकू शकते, तर आपली अडकली म्हणून आपण लेखक नाही असं ठरत नाही.

आपल्याला साप्ताहिक नको. एक माणूस पुरे. माझ्यासाठी ते शेजारच्या काकू होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, वाचनालयाची दोन पुस्तकं आठवड्याला संपवणाऱ्या. मी त्यांना म्हटलं, "काकू, मी काहीतरी लिहितेय. दर शनिवारी सहा-सात पानं देईन. वाचाल?" आणि दोन अटी घातल्या. छान आहे, वाईट आहे, हे सांगायचं नाही. चुका काढायच्या नाहीत. फक्त दोन गोष्टी सांगायच्या: कुठे कंटाळा आला, आणि पुढे काय जाणून घ्यावंसं वाटतं.

या अटींमागे कारण आहे. कच्च्या खर्ड्याची स्तुती झाली की आपण ती जपायला लागतो, पुढचं पान तेवढं चांगलं होणार नाही या भीतीने लिहीतच नाही. टीका झाली की मागे वळून दुरुस्तीला बसतो. दोन्हींनी गोष्ट थांबते. "पुढे काय?" हा एकच प्रश्न गोष्ट पुढे नेतो.

पहिले दोन शनिवार काकूंनी पानं घेतली, पुढच्या शनिवारी परत दिली, एवढंच. तिसऱ्या शनिवारी मी गेले नाही, लग्नाला गेले होते. सोमवारी सकाळी दूध घेताना त्यांनी जिन्यात गाठलं. "अगं, त्या पोराने गल्ल्यातले पैसे घेतले की नाही? मला दोन दिवस चैन नाही." मी तोवर ठरवलंच नव्हतं त्याने पैसे घेतले की नाही. जिन्यात उभ्या उभ्या मला कळलं की घेतले, आणि कशासाठी घेतले तेही कळलं. त्या रात्री साडेतीन पानं झाली.

असं माणूस निवडताना जवळच्या लेखक मित्राला शक्यतो टाळा. तो लेखकाच्या नजरेने वाचेल आणि सल्ले देईल. नवरा किंवा बायको चालते, पण त्यांना तुमच्या मनाला लागेल याची धास्ती असते. वाचनाची आवड असलेलं, तुमच्याकडून काही अपेक्षा नसलेलं, आणि दर आठवड्याला सहज भेटणारं माणूस सगळ्यात उत्तम. असं कुणीच नसेल तर दोघा-तिघा लिहिणाऱ्यांनी मिळून भिशीसारखं करावं: दर रविवारी प्रत्येकाने पानं आणायची, न आणणाऱ्याने सगळ्यांना नाश्ता द्यायचा. पानं वाचलीच पाहिजेत असं नाही. नुसती मोजली तरी काम होतं.

बाहेरची तारीखही उपयोगी पडते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान देतं. त्याची जाहिरात निघते, अर्जाला मुदत असते, आणि पूर्ण हस्तलिखित लागतं. अनुदान मिळेल न मिळेल. ती मुदत कालनिर्णयवर लिहून ठेवली की दिवस मोजता येतात. त्या त्या वर्षीचे नियम मात्र जाहिरातीत नीट वाचून घ्या.

७. मधला माळ

साधारण सत्तराव्या पानापासून एकशेवीसपर्यंतचा प्रदेश मी मधला माळ म्हणते. सुरुवातीची झाडी मागे पडलेली असते, शेवटचं गाव दिसत नसतं. माझ्या दोन्ही अपुऱ्या कादंबऱ्या इथेच पडल्या आहेत. इथे आलात की पहिल्यांदा एवढं ओळखा की हा माळ आहे आणि तो सगळ्यांना लागतो. "माझी गोष्टच फालतू आहे" हा निष्कर्ष इथे उभं राहून काढू नका.

मग का अडलं ते तपासा. मला तीन कारणं वारंवार दिसली आहेत.

एक, आपल्या माणसाला काही हवंच नसतं. तो उठतो, चहा पितो, आठवणी काढतो, पाऊस बघतो. शेवंताबाई ऐंशीव्या पानावर नुसती बसून होती. स्टँड हलणार ही नोटीस लागलेली, प्रत्यक्ष हलायला वर्ष होतं, आणि त्या वर्षात काय करायचं ते तिला आणि मला सुचत नव्हतं. शेवटी मी तिला एक छोटी, आजची गरज दिली: कँटीनच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी एक सही हवी, आणि ती सही करणाऱ्या माणसाशी तिचं सात वर्षांपूर्वी भांडण झालेलं. त्या एका सहीने चाळीस पानं चालवली. म्हणून अडलात की विचारा: या माणसाला आज संध्याकाळपर्यंत काय हवं आहे?

दोन, पुढचा प्रसंग लिहायची आपल्याला भीती वाटते. हे ओळखणं अवघड, कारण भीती आळसाचं रूप घेऊन येते. एकदा अकरा दिवस मी वही उघडून मिटत होते. पुढचा प्रसंग शेवंताबाईच्या नवऱ्याच्या मृत्यूचा होता आणि तो माझ्या घरातल्या एका मृत्यूशी फार जवळचा होता. तेव्हा मी तो प्रसंग सोडून दिला, कंसात "[इथे तो जातो]" लिहिलं आणि त्याच्या तेराव्या दिवसापासून पुढे लिहिलं. दोन महिन्यांनी, एका दुपारी, तो एका बैठकीत लिहून झाला. कादंबरी क्रमानेच लिहिली पाहिजे असा नियम नाही. जो प्रसंग डोळ्यांपुढे लख्ख दिसतो तो आधी लिहा. मधला पूल नंतर बांधता येतो.

तीन, नवी गोष्ट खुणावते. हिच्यापेक्षा ती फार सुंदर असणार असं वाटतं. वाटणारच, कारण तिच्यात अजून एकही वाक्य लिहिलेलं नाही. तिला हाकलू नका. एक छोटी वही वेगळी ठेवा, सुचेल ते दहा मिनिटांत टिपा आणि आपल्या पानावर परत या. माझ्या ११२ पानांच्या बाडाचा मी एका नव्या कल्पनेसाठी बळी दिला. ती नवी कल्पना म्हणजेच ६८ पानांचं बाड.

कारण सापडलं नाही आणि तरी हात हलत नसेल, तर एक साधा उपाय आहे. आपल्या पात्राला पत्र लिहायला लावा. शेवंताबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने वाहकाला पत्र सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. ते पत्र नेमाच्या पानात धरा. खर्ड्यात राहिलं नाही तरी चालेल.

८. खंड पडला तर

पडणारच. लग्नसराई, दवाखाना, निवडणुकीची ड्युटी, वार्षिक परीक्षा. माझा सलग दोन महिने पडला. घरातलं आजारपण वाढलं आणि त्या काळात मी एक ओळही लिहिली नाही. त्याचं मला अपराधी वाटत नाही. माणसं आधी.

परत येताना मात्र पद्धत लागते. पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. वाचलंत की चुका दिसतील, दुरुस्तीला बसाल आणि पुन्हा सत्तराव्या पानावर पाय अडकेल. फक्त शेवटची तीन पानं वाचा. त्यातलं शेवटचं पान नव्या कागदावर हाताने जसंच्या तसं उतरवून काढा. हे शाळकरी वाटेल, पण त्याने वाक्यांची चाल हातात परत येते आणि पान संपतं तिथून पुढचं वाक्य बहुतेक वेळा आपणहून सुटतं. पहिले तीन दिवस अर्धंच पान. राहिलेली साठ पानं भरून काढायचा विचारही नको. हुकलेला दिवस हुकला. माझी आजी म्हणायची, नेम मोडला तर देव रागवत नाही, उद्याची पोथी उघडली नाही तर वाट बघतो.

आणि काकूंना निरोप द्या की या शनिवारपासून पुन्हा पानं येणार आहेत.

९. शेवटची तीस पानं

शेवट जवळ आला की वेग वाढेल असं वाटतं. माझा उलट मंदावला. चौदा महिने ज्यांच्यासोबत पहाटे चहा प्यायला ती माणसं जाणार होती. शिवाय, जोवर लिहून होत नाही तोवर कादंबरी कशीही असू शकते. लिहून झाली की ती जशी आहे तशीच असणार. हे दोन्ही वाटणं खरं आहे. ते वाटत असतानाच लिहायचं.

इथे शक्य असेल तर रजा काढा. मी चार दिवसांची काढली, शनिवार-रविवार जोडून. त्या सहा दिवसांत सव्वीस पानं झाली. शेवटचं वाक्य मला आवडलं नव्हतं, तरी लिहिलं, खाली तारीख टाकली आणि कालनिर्णयवरच्या चौकटीत आकड्याऐवजी गोल काढला.

त्यानंतर एक झेरॉक्स काढा, सुतळीने बांधा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवायला द्या. किमान सहा आठवडे उघडायचं नाही. उघडण्याची तारीख आत्ताच कालनिर्णयवर लिहून ठेवा. मधल्या काळात नेमाची वेळ रिकामी जाऊ देऊ नका: त्याच खुर्चीत, त्याच चहाबरोबर, दुसऱ्या कुणाची तरी कादंबरी वाचा. माझं बाड काकूंनी त्यांच्या गोदरेजच्या कपाटात ठेवलं होतं. शेवटची सात पानं त्यांनी वाचायला घेतली आणि परत दिलीच नाहीत. ती सहा आठवड्यांनी बाकीच्या बाडाबरोबरच माझ्याकडे आली, समासात पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह असलेली. दुसऱ्या खर्ड्याचं काम मी त्या प्रश्नचिन्हापासून सुरू केलं.